खिशात मावतील एवढे फोटो

आमचा फोटो स्टुडिओ परभणीत, बसस्टँडाकडून बाजारात येणाऱ्या रस्त्यावर होता. पुढं दुकान, मधे पडदा, पडद्याआड डार्करूम आणि तिला लागून खिडकीपाशी माझी बसायची जागा. दुकान सासऱ्यांनी निजामाच्या काळात सुरू केलेलं. पुढं ते नवरा चालवायला लागला. फोटो तो काढायचा, गिऱ्हाइकाशी तोच बोलायचा. फोटो छापण्याआधी त्याच्यावर जे काम करावं लागतं ते माझ्याकडं होतं. माझ्या लग्नानंतर दोन वर्षांत सासऱ्यांची नजर अधू झाली आणि त्यांची पेन्सिल माझ्या हातात आली.

त्या कामाला आम्ही टचिंग म्हणायचो. तिरक्या काचेवर निगेटिव्ह ठेवायची, खालच्या आरशातून खिडकीचा उजेड वर घ्यायचा आणि सुईसारख्या टोकाच्या पेन्सिलीनं देवीचे व्रण, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, कपाळावरच्या आठ्या भरून काढायच्या. निगेटिव्हमध्ये माणूस उलटा असतो. केस पांढरे, दात काळे, बुबुळाच्या जागी उजेड. पहिले काही महिने मला त्याची भीती वाटायची, मग सवय झाली. इतकी झाली की मोंढ्याच्या बाजारात एखादी बाई समोरून आली तर हिची डावी भुवई मी भरली होती, हे आधी आठवायचं. सकाळी लिंगपूजा झाली की मी जी त्या काचेपुढं बसायचे ती उजेड सरेपर्यंत. माणसं मला पडद्याच्या अलीकडून फक्त ऐकू यायची.

विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला त्या वर्षीची ही गोष्ट. पाथरी रस्त्यावर एक गाव होतं. त्याचं नाव मी लिहीत नाही. तिथल्या बौद्ध वस्तीतल्या मंडळींनी एप्रिलात जयंतीचा फोटो काढायला ह्यांना बोलावलं होतं. निळ्या झेंड्याखाली तीस-पस्तीस माणसं, पुढं पोरं बसलेली, मागं तरणी मंडळी उभी. ऊन डोक्यावर होतं, त्यामुळं सगळ्यांचे डोळे सावलीत गेलेले. ती ऑर्डर घेऊन आले होते त्याच वस्तीतले एक गुरुजी. वय पंचविशीचं, दुसऱ्या एका गावात शाळेवर होते आणि परभणीत खोली करून राहायचे. पासपोर्ट फोटोसाठीही एकदा येऊन गेले होते. फोटो न्यायला आले तेव्हा पडद्याकडं तोंड करून म्हणाले होते, "ताई, आमच्या लोकांचे एवढे चांगले फोटो आजवर कुणी काढले न्हाईत." मी आत पेन्सिलच चालवत राहिले. पण तो दिवस मला बरा गेला होता.

जुलैत, पेरण्या उरकल्यावर, त्याच गावचे तात्या दुकानात आले. ते गावातले मोठे बागायतदार. सगळे त्यांना तात्या म्हणायचे, तसं आम्हीही म्हणायचो. त्यांच्या घरची दोन लग्नं आमच्याच दुकानानं केली होती. बोलणं एकदम हळू. चपला बाहेर काढून दुकानात येणारं ते आमचं एकमेव गिऱ्हाईक होतं.

"जयंतीचा फोटो तुमीच काढला नव्हं?" त्यांनी ह्यांना विचारलं.

"हाव, आमचाच हाय."

"त्याची एक मोठी प्रत पाहिजे. जेवढी मोठी निघंल तेवढी. पर तोंडं साफ दिसली पाहिजेत बरं का. कोण कुठला हे बघताबरोबर कळलं पाहिजे."

"कुठं लावायचाय तात्या?"

"पंचायतीत. गावचाच सण हाय तो."

हे खूश झाले. मीही झाले, खोटं कशाला बोलू. मोठा फोटो म्हणजे कस लागायचा. डोळे सावलीत होते, म्हणून एन्लार्जरखाली कागदावर उजेड पडत असताना मी एकेका तोंडावर बोटाची सावली धरली. तेवढ्या जागी उजेड कमी पडला की तिथला काळेपणा उतरतो. तीस-पस्तीस तोंडं, आणि प्रत्येकाला वेगळी सावली. सहा कागद वाया गेले. सातव्यात सगळ्यांचे डोळे उघडे, स्वच्छ आले. पाण्याच्या ट्रेमध्ये तो कागद तरंगत होता आणि लाल दिव्यात ती सगळी माणसं माझ्याकडं बघत होती. मी ह्यांना हाक मारून दाखवलं. ते म्हणाले, "आमच्या बाबांच्या हातालाबी हे जमलं नसतं."

आठवड्यानं तात्या तोच फोटो गुंडाळून घेऊन परत आले. तो टेबलावर पसरल्याचा आवाज मी ऐकला. ते गेल्यावर ह्यांनी तो आत आणला. नऊ तोंडांभोवती तांबड्या पेन्सिलीनं गोल केलेले होते.

"ह्या नवांचे वेगळे वेगळे फोटो पाहिजेत म्हणतात," हे म्हणाले. "आधी एकाचा नमुना करून दे. उद्या येणार हायेत."

"कामून पाहिजेत?"

"मंडळाचे कार्यकर्ते असतील. सत्कार करायचा असंल."

मी जास्त विचार केला नाही. नवांमधले गुरुजी कडेला उभे होते, त्यांच्यावर उजेड सगळ्यांत चांगला पडला होता, म्हणून नमुन्याला मी त्यांनाच घेतलं. पोस्टकार्डाएवढा फोटो केला. गालावरचा छोटा तीळ, वरच्या ओठावरची बारीक मिशी, कानाची पाळी, सगळं आलं. मोठं करताना फोटोचा दाणा फुटून जिथं ठिपके आले होते तिथं ब्रशनं भरून घेतलं.

दुसऱ्या दिवशी तात्यांनी तो हातात घेतला. मी पडद्याच्या फटीतून बघत होते. ते फोटो खिडकीकडं धरून, मान तिरकी करून बघत होते, जसं कापूस घेणारा माणूस बोंड बघतो.

"बोलायलंय की हे तोंड," ते म्हणाले. "हे मी घेऊन जातो. बाकीच्यांचे असेच काढा, पर ह्याच्यापेक्षा बारीक. खिशात मावतील एवढे. आन एकेकाच्या चार-चार प्रती."

ते गेल्यावर मी काचेपुढं बसून राहिले, पण पेन्सिल हातात घेतली नाही. पंचायतीच्या भिंतीवर लावायचा फोटो खिशात कशाला मावायला पाहिजे? गावचीच पोरं ही. गावात ह्यांना कोण ओळखत नाही? फोटो लागतो तो न ओळखणाऱ्या माणसाला. आणि चार-चार प्रती म्हणजे अशी चार माणसं होती.

तेव्हा बाजारात बोलणं एकाच गोष्टीचं चाललं होतं. मुंबईत ठराव येणार, तो झाला तर बघून घेऊ, असं माणसं चहाच्या दुकानात उघड बोलायची. नांदेडकडून येणाऱ्या एका एसटीची काच फुटलेली मी स्वतः पाहिली होती. समोरच्या पानटपरीवर दोन दिवसांपासून एक अनोळखी माणूस बसायला लागला होता. तो पान खात नव्हता. स्टँडाकडून येणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडाकडं बघायचा. तो कोण होता हे मला आजही माहीत नाही, कदाचित कुणाची वाट बघत असेल. पण मी खिडकीचं खालचं दार लावून घेतलं.

जेवताना मी ह्यांना म्हणाले, "अहो, हे काम आपण करू नये."

"कोणतं?"

"तुम्हाला माहीत आहे कोणतं."

ह्यांनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. "आपलं काम फोटो द्यायचं. पुढं त्याचं कोण काय करतं ते आपल्या हातात न्हाई. आन तात्यांना नाही म्हणून ह्या रस्त्यावर दुकान चालवायचंय का आपल्याला?" मग आवाज उतरवून म्हणाले, "मला काही सांगू नको. तुझं काम तू कर."

त्या वाक्याचा मी तेव्हा एकच अर्थ घेतला, की आत बसून मी काय करते ते ह्यांनी माझ्यावर सोडलं.

मूळ निगेटिव्हवर ती तोंडं ज्वारीच्या दाण्याएवढी होती, त्यावर पेन्सिल चालणं शक्य नव्हतं. म्हणून मी आठही जणांचे आधी हाताच्या पंजाएवढे फोटो काढले. ते फोटो टचिंग करायचे, मग खिडकीपाशी लावून त्यांचाच कॅमेऱ्यानं फोटो घ्यायचा आणि त्या नव्या निगेटिव्हवरून बारीक प्रती छापायच्या. चांगल्या कामाची रीत हीच होती. फक्त मी टचिंग उलट्या बाजूनं करायला बसले.

पाच दिवस लागले. कुणाच्या भुवया ब्रशनं जोडल्या, कुणाची मिशी ब्लेडच्या टोकानं खरवडून काढली. एकाचं कपाळ रुंद केलं, एकाच्या हनुवटीला खळी दिली. एकाचं नाक बसकं होतं, ते कडेला सावली देऊन सरळ केलं. चुकीचं काम करतानाही हात नीटनेटकंच करत होता, त्याचं मलाच नवल वाटायचं. काही ओरबाडलेलं दिसता कामा नये, डाग दिसता कामा नये. फोटो असा व्हायला हवा होता की बघणाऱ्यानं म्हणावं, किती साफ आलाय. आणि तो माणूस जगात कुठंच नसावा.

नवव्याचं काय, हा विचार मात्र मला काम करू देत नव्हता. गुरुजींचं तोंड आठवड्याभरापूर्वीच दुकानाबाहेर गेलं होतं.

त्यांच्या पासपोर्ट फोटोची निगेटिव्ह ठेवलेल्या पाकिटावर खोलीचा पत्ता होता. श्रावण लागायचा होता, तरी बेल आणायला जाते सांगून मी निघाले. खोली स्टेशनच्या पलीकडं होती. गुरुजी शाळेवर गेलेले. घरमालकीण दारात डाळ निवडत होती. मी तिला सांगितलं, "त्यांचे फोटो तयार आहेत. लवकर घेऊन जा म्हणावं. उशीर करू नका म्हणावं." तिनं माझ्याकडं वर बघितलं. मी घामानं भिजले होते.

ते दुसऱ्या दिवशी दुपारी आले. हे बाहेर गेले होते. मी पडदा सारून पहिल्यांदा गिऱ्हाइकासमोर आले आणि काय घडलं ते सगळं सांगितलं. गोल केलेला मोठा फोटो दाखवला. ते एकेका गोलावर बोट ठेवत गेले. कोण कॉलेजात, कोण वसतिगृहात, कोण कुठल्या दुकानावर कामाला, सांगत गेले. "हे सगळे हितं परभणीत राहतात ताई. गावाकडं नुस्ते सणाला येतात. म्हणून फोटो पाहिजेत त्यांना."

मग मी आठ जणांचे नवे फोटो पुढं ठेवले. त्यांनी पहिला उचलला आणि ते हसले. खरंच हसले. "ह्याला तर तुमी नवरदेव केलात!" दुसरा पाहिला, तिसरा पाहिला. हसू गेलं. "हे कुणीच न्हाईत," ते हळूच म्हणाले. मग विचारलं, "माझा कुठंय?"

"तुमचा दिला," मी म्हणाले. "आधीच दिला. तेव्हा मला कळलं नव्हतं."

त्यांनी हातातला फोटो बाकीच्यांवर नीट ठेवला. बाहेरून टांगा गेला.

"कसा आलाय?" त्यांनी विचारलं.

"चांगला आलाय," मी म्हणाले.

ते जाताना म्हणाले की बाकीच्या पोरांना आज सांगतो. परभणी स्टेशनवर न जाता पिंगळीहून गाडी धरायला लावतो. तिथं कुणाचं लक्ष नसतं. मी म्हणाले, तुम्हीही जा. ते म्हणाले, "बघतो."

तात्या फोटो न्यायला आले त्या दिवशी आभाळ भरलेलं होतं आणि दुकानात दुपारीच दिवा लावावा लागला होता. मी पडद्याआड उभी. त्यांनी आठ पाकिटं उघडली, फोटो टेबलावर रांगेनं मांडले, मोठा फोटो शेजारी पसरला. एकेका फोटोवरून मोठ्या फोटोकडं, तिथून परत फोटोकडं, असं चाललं होतं.

"हे आमच्या गावचे वाटंनात," ते म्हणाले.

मला वाटलं आता हे माझ्याकडं बघतील. पण ह्यांनी पडद्याकडं मानही वळवली नाही.

"तात्या, मूळ फोटो लांबून काढलेला हाय. दाण्याएवढ्या तोंडातून काय निघंल? मोठं करायला गेलं की माणूस बदलतो."

"पहिल्याचा बरा निघाला."

"तो कडेला होता. उजेडात."

"आसं."

तात्यांनी फोटो गोळा केले, पाकिटात घातले. घाई नव्हती. मग पडद्याकडं बघून, जणू मी समोर बसले आहे असं, म्हणाले, "टचिंग वैनीच करतात नव्हं?"

"हाव."

"हात लय चांगला हाय. जपा त्यांना."

बाहेर जाऊन त्यांनी चपला घातल्या. ते रस्त्याला लागेपर्यंत आम्ही दोघं होतो तिथंच उभे राहिलो. मग हे आत आले. ह्यांनी डेव्हलपरचा ट्रे उचलला, मोरीत ओतला आणि घासायला लागले. तो ट्रे मी सकाळीच घासलेला होता.

त्यानंतर तीन-चार दिवसांत ठराव झाला. परभणीत दुकानं बंद झाली, एसटी बंद झाली, मग पोलिसांच्या गाड्या आल्या. खेड्यांतून काय काय कानावर यायचं. वस्त्या पेटवल्या, विहिरीत घाण टाकली, माणसं रानातून पायी निघालीत. आम्ही शटर ओढून आत बसायचो. कुणी रस्त्यानं जोरात चाललं तरी मला वाटायचं, पावलं आपल्या दारात थांबणार. ती थांबली नाहीत. आमच्या दुकानाला कुणी साधा खडाही मारला नाही. तात्यांना काय कळलं आणि काय नाही, हे आम्हाला शेवटपर्यंत समजलं नाही, आणि त्याचीच भीती कितीतरी महिने घरात राहिली.

मधे एक दिवस एसटी सुरू झाली. त्याच दिवशी गुरुजींना स्टँडावर गाठलं. तिघं होते म्हणे. एकानं खिशातून काहीतरी काढून पाहिलं आणि मान हलवली, असं शेंगा विकणाऱ्या बाईनं नंतर सांगितलं. लोखंडी गज डोक्यात घातला. त्यांची मिशी काढलेली होती, तरी ओळखलं. तीळ होता ना. तो मीच नीट उठवला होता.

ते वाचले. डावा डोळा गेला.

आठ दिवसांनी त्यांची बायको दुकानात आली. बाळंतपणाला माहेरी गेलेली, ती आता कडेवर तान्ही मुलगी घेऊन आली होती. फिर्यादीसाठी जखमांचे फोटो पाहिजेत, दोन फोटोवाले नाही म्हणाले, असं तिनं सांगितलं. मी ह्यांच्याकडं बघितलं. ह्यांनी कॅमेरा खांद्याला लावला आणि सायकल काढली. सरकारी दवाखान्यात जाऊन बारा फोटो काढून आणले. ते छापायला मी सगळ्यांत चांगला ब्रोमाइड कागद काढला. एकेक टाका दिसला पाहिजे, सूज दिसली पाहिजे, म्हणून काळं-पांढरं ठळक उठवणारा कडक कागद घेतला. जिथं उजेड जास्त पडून जखम पांढरी दिसत होती तिथं छापताना थांबून थांबून जादा उजेड देऊन ती उठवली. डोळ्यावरच्या पट्टीच्या कडेला सुकलेलं रक्त होतं. ते आलं तेव्हा मी डार्करूममधून उठून मोरीत जाऊन ओकले, चूळ भरली आणि परत येऊन पुढचा कागद घेतला.

फिर्याद बरीच वर्षं चालली. शेंगा विकणारी बाई साक्षीला आली नाही. मी गेले नाही. मला कुणी बोलावलं नव्हतं, हे खरं. पण न बोलावता जाता आलं असतं, हेही खरं. ह्यांना मी एकदा विचारलं होतं की आपण जाऊन सांगावं का. ते म्हणाले, "तू म्हणशील तसं." मी पुढं काही म्हणाले नाही. खटल्यातून काही निघालं नाही.

गुरुजींची बदली दुसऱ्या जिल्ह्यात झाली. तात्या आमच्याकडं येत राहिले. नातवाचं जावळ, धाकट्या मुलाचा साखरपुडा. मी त्यांच्या घरच्या तोंडांवर पेन्सिल चालवत राहिले, आणि दर वेळी हात धुताना ह्यांच्याशी बोलायचं टाळायचे.

दहाएक वर्षांनी, रंगीत फोटोंचं काम वाढून माझी काच कोपऱ्यात गेली होती तेव्हा, गुरुजी एकदा मुलीला घेऊन आले. शाळेच्या फॉर्मवर लावायला तिचा फोटो हवा होता. काळा चष्मा, केस विरळ झालेले. आता मी पडद्याआड बसत नव्हते. त्यांनी मला लगेच ओळखलं.

"ताई, बऱ्या हायेत का?"

मी चहा मागवला. मुलगी स्टुलावर बसली होती, हे तिला हनुवटी वर कर, खाली कर सांगत होते. मला जे इतकी वर्षं विचारायचं होतं ते मी विचारलं. "मी सांगितलं होतं तुम्हाला. तरी तुम्ही स्टँडावर का गेलात?"

"आई गावात एकटी होती," ते म्हणाले. "वस्ती पेटवणार म्हणून कळलं. तिला आणायला पाहिजे होतं. पायी गेलो असतो तर पोचायला दिवस मावळला असता." चहाचा कप त्यांनी उजव्या बाजूला, दिसेल असा ठेवला. "आई आदल्या दिवशीच निघाली होती. बाभळीतून पायी पायी पोखर्णीकडं, आत्याच्या गावाला. मला ठाव नव्हतं."

मी माफी मागायला तोंड उघडलं असेल. त्यांनी मान हलवली. ती हो म्हणून की नको म्हणून, ते चष्म्यामुळं मला कळलं नाही.

"हल्ली काळा-पांढरा करीत न्हाईत का तुमी?" त्यांनी विचारलं.

"कुणी मागत नाही," मी म्हणाले.

मुलीनं डोळे मिटले म्हणून पहिला फोटो वाया गेला, दुसरा बरा आला. तीन दिवसांनी ते एकटेच येऊन पाकीट घेऊन गेले. फोटो उघडून पाहिले नाहीत.